पाणथळ तालुक्याचा तलाठी

आमच्या ऑफिसात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, कारण ते नाव कुणाला म्हणता येत नव्हतं. शेवटी ‘स’ यायचा एवढं नक्की होतं, सुरुवात कुठून करायची यावर मात्र दोन मतं होती. मॅनेजर त्यांना ‘सर’ म्हणत, ड्रायव्हर ‘बाबा’ म्हणायचे. ‘तलाठी’ हे नाव सावंतने ठेवलं आणि ते आम्हा दोघा मराठी माणसांपुरतंच राहिलं.

कोविडच्या आधीची ही गोष्ट. दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमची जमीनमोजणी करणारी कंपनी होती. साइटवरची माणसं मापं घेऊन यायची आणि मी कॉम्प्युटरवर त्यांचे नकाशे काढायचे. वसईहून येऊन मला सहा वर्षं झाली होती. नवरा एका हॉटेलात रिसेप्शनला, मुलगी शाळेत, घर शारजात. रोज सकाळी दीड तास ट्रॅफिकमध्ये काढून मी ऑफिसला पोचायचे, तेव्हा तलाठी आधीच येऊन बसलेले असायचे.

ते लिथुआनियाचे. वय साठीच्या आसपास, उंच, हडकुळे, डोक्यावर एकही केस नाही. दोनच शर्ट आलटून पालटून घालायचे आणि खिशात स्वतःची लाकडी घडीची मोजपट्टी ठेवायचे. लाखो दिरहमची मशीनं कंपनीत असताना ही मोजपट्टी कशाला, असं मॅनेजरांनी एकदा विचारलं होतं. “मशीन बरोबर आहे का ते पाहायला,” असं उत्तर मिळालं.

पहिल्याच दिवशी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“कुठली?”

“इंडिया.”

“इंडिया मोठा आहे. गाव?”

“मुंबईजवळ.”

“मुंबई हे काही गाव नाही. गाव?”

“भुईगाव,” मी म्हणाले. “वसईला.”

“भुईगावात पाणी कुठून येतं?”

“नळाने.”

ते थांबले. मला वाटलं, संपलं. “आणि जातं कुठे?”

हे मला सांगता येईना. त्यांनी मान हलवली, रागावून नव्हे, एखाद्या पेशंटचा रिपोर्ट वाचल्यासारखी, आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना गाठलं आणि आमच्याकडच्या बावखलांबद्दल सांगितलं. प्रत्येक वाडीच्या कडेला एक तळं असतं. पावसाळ्यात ते भरतं, उन्हाळाभर विहिरींना पाणी पुरवतं, त्यावर केळी आणि फुलं होतात. तलाठ्यांनी खुर्ची ओढली. खोली किती? मालक कोण? गाळ कोण काढतं? मला जमेल तसं मी सांगितलं.

“आता आहेत?”

“बरीचशी बुजवली. इमारती झाल्या.”

“बुजवलेल्यांची नावं?”

“बावखलांना नावं असतात का?”

“ते तू सांग.”

असतात. मला तीन आठवली. ती त्यांनी वहीत लिहून घेतली, आणि त्या दिवसापासून त्यांच्या लेखी माझं नाव ‘भुईगाव’ झालं. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गावांची राहत. सावंत गुहागरकडचा, साइटवर मोजणीच्या मशीनसमोर प्रिझमची काठी धरून उभा राहणारा. तो ‘पालशेत’, म्हणजे त्यांच्या तोंडी ‘पालसेत’. मॅनेजर चेन्नईच्या कुठल्याशा कॉलनीत जन्मले होते आणि दर तीन वर्षांनी वडिलांची बदली होत गेली होती. तलाठ्यांनी त्यांना तीनदा गाव विचारलं, तिन्ही वेळा वेगळं उत्तर मिळालं, मग नाद सोडून ते त्यांना ‘मिस्टर मॅनेजर’ म्हणू लागले. एकदा ते आमच्या घरी चहाला आले होते. मुलीला गाव विचारलं तर ती म्हणाली, “आय ॲम फ्रॉम शारजा, बट नॉट रिअली.” पुढे वर्षभर ते मला विचारायचे, “नॉट रिअली कशी आहे? परीक्षा झाली?”

ते मला फार आवडत होते असं नाही. त्यांचं बोलणं कंटाळवाणं होई, कारण विषय एकच, त्यांचा तालुका. ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणायचे ते, पण लोकसंख्या ऐकल्यावर मी त्याचा मनातल्या मनात तालुका केला. ईशान्येकडचा, लातव्हियाच्या दिशेचा कोपरा. तळी इतकी, की लोकांना नावं पुरली नाहीत. लांब तळं, काळं तळं, पांढरं तळं अशी नावं दर चार मैलांवर पुन्हा पुन्हा येतात. टेकड्या आहेत, पण आमच्या ऑफिसच्या इमारतीएवढ्यासुद्धा नाहीत. हजारो वर्षांपूर्वी तिथे बर्फाचे डोंगर होते, ते वितळताना दगडगोटे मागे टाकून गेले. दर हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते आणि वसंतात शेतात नवे दगड वर येतात. “आमच्याकडे पहिलं पीक दगडाचं,” ते म्हणायचे. सगळं गाव शेतात वाकून दगड वेचतं, मग राय नावाचं धान्य पेरतं. विजेच्या खांबांवर करकोचे घरटी करतात. घरटं नीट बसावं म्हणून लोक खांबावर गाडीचं जुनं चाक आडवं ठोकून देतात. आणि दलदल. पाय ठेवला की आधी हलते आणि मग विचार करून आत घेते अशी दलदल. शरद ऋतूत बायका तिच्यात आंबट लाल फळं वेचायला जातात आणि आपली जागा सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगत नाहीत.

घरं आमच्या वाड्यांसारखी एकमेकांना चिकटून नसत. प्रत्येकाचं घर त्याच्या त्याच्या शेताच्या मधोमध, शेजारी पाच-सात मिनिटांच्या चालीवर. माणसं कमी बोलणारी. “शेजारी भेटायला आला,” तलाठी सांगायचे, “की अर्धा तास आम्ही दोघं खिडकीतून बाहेर बघतो. मग तो म्हणतो, दुपारून पाऊस पडेल. मग मी म्हणतो, पडेल. मग तो घोड्याबद्दल विचारायला आलेला असतो, ते विचारतो.” स्वतः मात्र ते न थांबता बोलायचे. मी ते त्यांना सांगितलं. “इथे खिडकीतून बघण्यासारखं काय आहे?” ते म्हणाले. बाहेर पार्किंग होतं.

आम्ही दोघं कॅथलिक, हा एक धागा होता. आमच्याकडे नाक्यानाक्यावर चुना लावलेले क्रूस असतात हे ऐकून त्यांना फार आनंद झाला. त्यांच्याकडे ते लाकडाचे, वर छोटंसं छप्पर, आणि आत पुष्कळदा क्रुसावरचा नव्हे, तर नुसता बसलेला ख्रिस्त, हनुवटी हातावर टेकवून विचारात पडलेला. “तो कसला विचार करतो?” मी विचारलं. “हेच लोक का दिले मला,” तलाठी म्हणाले.

इतिहाससुद्धा ते घराघराने सांगायचे. रशियाच्या झारने त्यांच्या लिपीतली छापील पुस्तकं बंद केली होती, तेव्हा त्यांच्या पणजीच्या घरी प्रार्थनेची पुस्तकं पिठाच्या पिंपात लपवून ठेवत. ती पाठीवर बांधून सरहद्दीपलीकडून आणणाऱ्या माणसाला पणजी गरम सूप द्यायची आणि नाव विचारायची नाही. मग स्वातंत्र्य आलं, मग सोव्हिएत आले. एका जूनमध्ये ट्रक आले आणि पुलाजवळच्या मास्तरांचं कुटुंब सैबेरियाला गेलं. त्यांची गाय तीन दिवस हंबरत होती, शेवटी शेजारणीने तिला सोडवून नेलं. पुढे ते शेजारणीचं कुटुंबही गेलं. मग गाय कुणी नेली, हेही त्यांना ठाऊक होतं. हे सगळं ते एकाच आवाजात सांगायचे. दगड, करकोचे, ट्रक, गाय.

एकाच गोष्टीपाशी ते अडायचे. तालुक्याच्या बाजारचौकातली निम्मी घरं ज्यूंची होती. जर्मन आले त्या उन्हाळ्यात त्या सगळ्यांना गावाबाहेरच्या जंगलात नेऊन गोळ्या घातल्या. “जर्मनांनी?” मी विचारलं. “जर्मनांनी. आणि बंदुका धरणारे आमचेही होते,” ते म्हणाले. “माझ्या आजीने लग्नाचं कापड कुठल्या दुकानातून घेतलं, ते मला माहीत आहे. दार हिरवं होतं, पायऱ्या दोन. कुटुंबाचं नाव मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.”

सावंतला मी हे सगळं मराठीत सांगायचे, कारण साइटवर तलाठी त्याच्याशीही बोलत, पण मोडक्या हिंदीत. “ताई,” तो एकदा म्हणाला, “हे साहेब काय इंजिनियर नायत. आमच्या गावचा जुना तलाठी असाच होता. कुणाचा बांध कुठं, कुणाची विहीर कुठं, कोण कुणावर रुसलेला, सगळं पाठ.” तेव्हापासून ते तलाठी झाले. मी त्यांना शब्दाचा अर्थ सांगितला. ते खूश झाले आणि वहीत लिहून घेतलं.

ऑफिसच्या फ्रिजमध्ये त्यांची एक बरणी असायची, भडक गुलाबी रंगाची. उन्हाळ्यात ते घरून बीट उकडून आणायचे, त्यात लबान, म्हणजे इकडचं ताक, ओतायचे, काकडी आणि शेपू चिरून घालायचे आणि गरम बटाट्याबरोबर ते थंडगार सूप प्यायचे. सावंतने ती बरणी पाहून सोलकढी समजून एक घोट घेतला आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही, जणू मीच फसवलं होतं. मग त्याने खरी सोलकढी करून आणली. तलाठ्यांनी ती हळूहळू प्यायली. “चूक आहे,” ते म्हणाले, “पण दिशा बरोबर आहे.”

दुपारी सगळे मोबाइल बघत जेवायचे तेव्हा ते काढत बसायचे. नकाशे छापायच्या प्लॉटरवर बिघडलेले मोठे कागद मी टाकून देत असे, ते त्यांनी मागून घेतले होते. त्यांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने त्यांचा तालुका उतरत होता. आधी मला ते म्हाताऱ्या माणसाचं चित्रबित्र वाटलं. जवळून पाहिलं तर तो नकाशा होता, तोही आमच्या धंद्यातला. प्रत्येक घर मापात होतं. घराची लांबी, रुंदी, दार कुठल्या दिशेला, गोठा, धान्याचं कोठार, वाफेच्या आंघोळीची खोपी, विहीर, सफरचंदाची झाडं किती. घराशेजारी बारीक अक्षरात मालकाचं नाव. अशी बत्तीस घरं तेव्हा झाली होती.

“हे सगळं तुम्हाला आठवतं?” मी विचारलं.

“आठवत नाही. मोजलेलं आहे.”

“कुणी?”

“मी,” ते म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करायला लागले. मी पुढे विचारलं नाही. मला वाटलं, सर्व्हेयर माणूस, हौस असेल.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे खोर फक्कानच्या मागच्या डोंगरातलं काम आलं. एका खोऱ्यातून नवा रस्ता जायचा होता. मार्ग दुसऱ्या कंपनीने आखलेला, आमचं काम फक्त जमिनीची मापं घ्यायचं. खोऱ्यात एक जुनी वस्ती होती, दगडाची आठ-नऊ घरं, छपरं पडलेली, तीन-चार खजुराची झाडं, वरच्या झऱ्यापासून आलेला पाण्याचा दगडी पाट, कोरडा. माणसं केव्हाच खाली शहरात राहायला गेली होती. असल्या जागेवर नकाशात एक चौकोन काढायचा आणि ‘पडकी बांधकामं’ लिहायचं, अशी पद्धत.

तलाठ्यांनी तिथे चार दिवस लावले. मॅनेजरांनी फोनवर फोन केले. चौथ्या दिवशी त्यांनी मलाच साइटवर पाठवलं, “त्यांना सांग, यल्ला, चला, खलास करा.” मी पोचले तेव्हा सावंत एका पडक्या उंबऱ्यावर काठी धरून उभा होता आणि तलाठी लाकडी मोजपट्टीने दाराची रुंदी घेत होते. त्यांच्या शेजारी पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातला एक अमिराती म्हातारा दगडावर बसला होता. त्याची पिकअप खाली उभी होती. त्याचा जन्म याच वस्तीतला. मोजणीची माणसं आल्याचं कुणीतरी सांगितलं म्हणून तो बघायला आला होता. तरुणपणी मुंबईच्या बंदरावर त्याचं येणं-जाणं होतं, त्यामुळे हिंदी येत होतं.

“ये खालिद का घर,” तो काठीने दाखवत होता. “बडा वाला, खालिद का बाप का. ये हमारा अम्मा का. इधर अम्मा रोटी बनाता. वो ऊपर दो बहन रहता, शादी नहीं किया.”

“त्यांची नावं विचार,” तलाठी सावंतला म्हणाले.

सावंतने विचारलं. म्हाताऱ्याने नावं सांगितली, मग थांबून तलाठ्यांकडे पाहिलं.

“ये सब जाएगा?”

सावंतने माझ्याकडे पाहिलं. मी मार्गाचा नकाशा पाहिला होता. रस्त्याची मधली रेघ तीन घरांवरून जात होती, त्यात त्याच्या आईचं एक. तलाठ्यांनी हिंदी ऐकून अर्थ ओळखला होता. त्यांनी स्वतःच मान हलवून ‘हो’ म्हटलं. म्हातारा उठला, आईच्या घरात गेला, चुलीची जागा दाखवली आणि म्हणाला, “ये भी लिखो.” तलाठ्यांनी लिहिलं.

परत येताना आम्ही खोर फक्कानच्या किनाऱ्यावर करक, म्हणजे इकडचा कडक दुधाचा चहा प्यायला थांबलो. दुपारची चारची वेळ. समोर बंदराच्या क्रेनी, जहाजांवर कंटेनर चढत होते. सावंत गाडीत झोपला होता. तलाठ्यांनी एक कागद माझ्यासमोर ठेवला. रस्त्याची रेघ अठरा मीटर उत्तरेला सरकवली होती. तिन्ही घरं वाचत होती.

“उद्या नकाशा जाईल, त्यात ही तुटक रेघ टाक. पर्यायी मार्ग म्हणून. आणि घरांची नावं.”

“नावं टाकते,” मी म्हणाले. “रेघ नाही टाकता येणार. मार्ग आपला नाही. मॅनेजर मला काढतील. माझा व्हिसा कंपनीचा आहे, सर.”

मला वाटलं, आता ते वाद घालतील. ते चहा पीत राहिले.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “मीही तुझ्यासारखंच म्हणालो होतो.”

मग त्यांनी सांगितलं. तेवीस वर्षांचे असताना त्यांना सरकारी नोकरी लागली. सोव्हिएत सरकारने पाणथळ जमीन कोरडी करायची मोहीम काढली होती. जमिनीखाली नळ घालायचे, ओढे सरळ करायचे, लहान शेतं मोडून एक सलग सामूहिक शेत करायचं. शेताच्या मधोमध उभी असलेली घरं त्यात अडथळा होती. लोकांनी ती सोडून नव्या वसाहतीत राहायला जायचं. कुठलं घर पाडायचं ते आधी मोजून, नोंदून, खुणा करून ठेवावं लागे. ते काम यांचं. हातात मोजपट्टी आणि लाल रंगाचा डबा. घर मोजायचं, विहीर मोजायची, सफरचंदाची झाडं मोजायची, फाटकाच्या खांबावर लाल पट्टा मारायचा आणि पुढच्या घरी जायचं.

“लोक काय म्हणायचे?”

“काही नाही. दूध प्यायला द्यायचे. एका घरी म्हातारीने मी मापं घेत असताना फरशी पुसून काढली. पाहुणा आला म्हणून.”

क्रेनीने एक कंटेनर उचलला, तो जहाजावर टेकेपर्यंत ते बघत राहिले.

“एक्केचाळिसावं घर माझ्या आईचं होतं,” ते म्हणाले. “पाण्याचा चर सरळ तिथून जात होता. चौदा मीटर सरकवला असता तर घर राहिलं असतं. कुणाला कळलंही नसतं, नकाशा मीच काढत होतो. पण मला वाटलं, रेघ सरळ हवी. मी चांगला सर्व्हेयर होतो.”

“आई काय म्हणाल्या?”

“मी पट्टा मारताना तिने डबा धरला. रंग सांडू नये म्हणून.”

आईला वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. पुढे ती अकरा वर्षं जगली. त्यांना कधी काही बोलली नाही. देश स्वतंत्र झाल्यावर ती मोहीमही बंद पडली, खातंही गेलं, आणि हे आधी जहाजांवर कामाला लागले, मग आखातात आले. मापांच्या वह्या मात्र त्यांनी जपून ठेवल्या होत्या. नकाशा त्या वह्यांवरून चालला होता.

“मग एवढी वर्षं का नाही काढला?” मी विचारलं.

“वह्या उघडल्याच नाहीत. इथे आल्यावर उघडल्या. इथून ते दूर आहे.”

दुसऱ्या दिवशी मी नकाशा पुरा केला. सगळ्या घरांची नावं टाकली, अरबी अक्षरं आमच्या कंपनीच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या माणसाकडून तपासून घेतली. रेघ टाकली नाही. प्रिंट निघाल्यावर तलाठी आले, लाल पेन्सिल घेतली आणि माझ्यादेखत त्यावर स्वतःच्या हाताने तुटक रेघ ओढली. कागद गुंडाळला आणि मीटिंगला निघाले.

तिथे काय झालं ते मला मॅनेजरांकडून कळलं, मोठ्या आवाजात. मार्ग आखणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरने विचारलं, ही रेघ कुणाची? तलाठी म्हणाले, माझी, कंपनीला माहीत नाही. आणि मग वीस मिनिटं त्यांनी त्या मोठ्या माणसांना कुणाच्या घरात चूल कुठे होती ते सांगितलं. “मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं,” मॅनेजर म्हणाले. मी विचारलं, “मग ते काय म्हणाले?” “काय म्हणणार? थँक यू म्हणाले.”

दोन महिन्यांनी मार्गाचा सुधारलेला नकाशा आला. रस्ता खोऱ्यातल्या कोरड्या ओढ्याच्या पलीकडच्या काठावर गेला होता. कारण दिलं होतं, पुराचं पाणी. वस्तीचं किंवा लाल रेघेचं नाव कुठे नव्हतं. मी तो तलाठ्यांना दाखवला. त्यांनी लाकडी मोजपट्टी काढून वस्तीपासून रस्त्याचं अंतर मोजलं, दोनदा. “ठीक,” म्हणाले. मला त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही. सावंतने तेवढा त्या म्हाताऱ्याला फोन करून निरोप दिला. म्हातारा म्हणाला, इन्शाल्ला. म्हणजे त्याचा विश्वास बसला नव्हता.

जूनमध्ये तलाठ्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, ते पुढे वाढवलं नाही. वयाचं कारण सांगितलं. ते खरं असेल, नसेल. त्यांनीही विचारलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी नकाशाची गुंडाळी पावसाचा पाइप कापून केलेल्या नळकांड्यात घातली, दोन्ही तोंडं टेपने बंद केली. मी आणि सावंत त्यांना एअरपोर्टवर सोडायला गेलो. सामानात बाकी एकच बॅग होती. सावंतने त्यांना आमसुलाची पिशवी दिली आणि सोलकढी कशी करायची ते हिंदीत सांगितलं. मी काय द्यावं ते न सुचून काहीच दिलं नाही.

“रेघेबद्दल सॉरी,” मी म्हणाले.

“भुईगाव,” ते म्हणाले, “तू तेवीस वर्षांची नाहीस, तुला मुलगी आहे. माझ्यावर अवलंबून कुणी नव्हतं.” एवढं म्हणून ते आत गेले. मागे वळून पाहिलं नाही. नळकांडं मशीनमधून जाईल की नाही याची त्यांना काळजी होती.

वर्ष-दीड वर्ष काही कळलं नाही. मग एक ईमेल आला, लांबलचक, त्यांच्या तुटक इंग्रजीत. मी तो दुपारच्या सुट्टीत सावंतला मराठीत वाचून दाखवला.

ते परत तालुक्यात गेले होते. त्या वसाहतीतच, आईच्या इमारतीच्या शेजारच्या इमारतीत एक खोली घेतली होती. सत्तेचाळीस घरांचा नकाशा पुरा झाला होता आणि वसाहतीच्या वाचनालयातल्या बाईंनी तो भिंतीवर लावून दिला होता. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे आम्ही सर्व्हेयरचं नाव लिहितो, तिथे त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं आणि पुढे, ‘ही घरं याने मोजली आणि पाडण्याची खूण याने केली.’ वाचनालयाच्या बाईंना ते वाक्य नको होतं. लोक बोलतील, म्हणाल्या. यांनी काढू दिलं नाही.

पहिल्या रविवारी प्रार्थनेनंतर तीसेक माणसं आली. बहुतेक म्हातारी. नकाशा बघून, कोपरा वाचून, टोप्या घालून घरी गेली. दोघं तर कोपरा वाचल्यावर मधूनच निघून गेले. दुसऱ्या रविवारी कमी आली. तिसऱ्या रविवारी काठी टेकत एक बाई आली, ऐंशीच्या पुढची. तिने नकाशावर बोटाने रस्ता धरला, पुलापासून सुरुवात केली, आणि सव्विसाव्या घरापाशी थांबली.

“विहीर चुकली आहे,” ती म्हणाली.

तलाठ्यांनी वही काढली. वहीत विहीर गोठ्याच्या मागे होती. त्यांनी तिला दाखवली.

“वही चुकली आहे,” ती म्हणाली. “गोठ्याच्या मागे खड्डा होता, बटाट्यांचा. झाकण सारखंच होतं. तू उघडून पाहिलं नाहीस. विहीर पुढच्या दारी, लिंबाच्या झाडाखाली.”

“लिंबाच्या?” सावंतने मध्येच विचारलं. मी त्याला सांगितलं की तिकडचं ते झाड वेगळं, मोठं, सावलीचं, फुलांचा चहा करतात. “बरं, पुढं वाचा,” तो म्हणाला.

तलाठ्यांनी खोडरबर आणलं. ती शेजारी उभी राहिली आणि त्यांनी विहीर पुसून पुढच्या दारी काढेपर्यंत हलली नाही. अंतर किती, त्यांनी विचारलं. भरलेली बादली घेऊन बावीस पावलं, ती म्हणाली. रिकामी घेऊन वीस. त्यांनी दोन्ही लिहिलं.

मग तिने खाली वाकून कोपऱ्यातलं नाव वाचलं. चष्मा काढून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“तूच का तो?”

“मीच,” ते म्हणाले.

“तेव्हा तुझे केस लाल होते,” ती म्हणाली.

मग तिने वाचनालयाच्या बाईंकडे खुर्ची मागितली, ती नकाशासमोर ओढून घेतली, बसली, आणि सत्ताविसाव्या घरात कोण कोण राहायचं ते त्यांना सांगायला लागली.